काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग ज्या काळ्या खडकावर उभा आहे, त्याला भूविज्ञानात बेसॉल्ट म्हणतात, आणि बोलण्यात तो काळा दगड, पाषाण किंवा नुसता कातळ या नावांनी ओळखला जातो. सह्याद्रीचा कोणताही उघडा कडा पाहिला, की हा खडक एकावर एक रचलेल्या आडव्या थरांचा आहे हे सहज लक्षात येते. त्यातील प्रत्येक थर म्हणजे भूपृष्ठावर पसरून थिजलेला लाव्हाचा एक प्रवाह, आणि अशा शेकडो प्रवाहांची मिळून जी रास तयार झाली, तिला दख्खनचा ट्रॅप असे नाव आहे. या राशीविषयी लिहिताना लाव्हाचे आकारमान आणि उद्रेकाची भीषणता यांवरच सहसा भर दिला जातो. परंतु दख्खनच्या इतिहासातील सर्वांत मोलाची माहिती प्रवाहांपेक्षा दोन प्रवाहांच्या मधल्या पट्ट्यांत साठलेली आहे. लाव्हा वाहण्याचा काळ थोडा, आणि दोन उद्रेकांमधला शांततेचा काळ मोठा. त्या शांत काळात माती तयार झाली, तळी भरली, बेडूक आणि गोगलगायी नांदल्या, आणि पुढच्या प्रवाहाने ते सारे झाकून टाकले.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, हा लाव्हा बाहेर पडला. तो एखाद्या उंच, निमुळत्या ज्वालामुखी पर्वताच्या तोंडातून उसळला नाही, तर भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वर आला आणि सखल प्रदेशावर पसरत गेला. ज्या भेगांतून तो चढला, त्यांत शेवटी शिल्लक राहिलेला लाव्हा तिथेच थिजला. अशा उभ्या, अरुंद खडकाला भित्ती म्हणतात, आणि धुळे-नंदुरबार भागात अशा भित्ती आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यामुळे मैलोन्‌मैल उंचवट्यांच्या रांगांसारख्या उभ्या दिसतात. आज हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर आढळतो, आणि झिजून गेलेला किंवा अरबी समुद्राखाली गेलेला भाग जमेस धरला, तर मूळ लाव्हाचे घनफळ दहा लाख घन किलोमीटरहून अधिक असावे असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सह्याद्रीत ही रास सर्वांत जाड आहे आणि पूर्वेकडे ती पातळ होत जाते. तरीही काही प्रवाह इतके दूरवर गेले, की आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळ सापडणारा बेसॉल्टही पश्चिमेकडून सुमारे हजार किलोमीटर वाहत आलेल्या लाव्हाचाच असावा, असे अनेक संशोधक मानतात.

हा प्रचंड लाव्हा पुरवणारा उष्णतेचा स्रोत भूकवचाखालच्या प्रावरण नावाच्या थरात, आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, आणि त्या बेटावरचा ज्वालामुखी अजूनही जागृत आहे. भारताचा भूखंड त्या स्रोतावरून उत्तरेकडे सरकत गेला, याचा पुरावा खुद्द बेसॉल्टमध्येच मिळतो. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात, आणि लाव्हा थिजत असताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा स्वतःत कायमची धरून ठेवतात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजलेल्या खडकातील ही दिशा उत्तरेला थिजलेल्या खडकापेक्षा वेगळी असते. १९५० च्या दशकात दख्खनच्या खडकांचे असे मोजमाप झाले, तेव्हा हा लाव्हा दक्षिण गोलार्धात बराच खाली, सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास थिजलेला आहे, हे स्पष्ट झाले. भूखंड सरकतात ही कल्पना तेव्हा बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य नव्हती. तिला बळ देणाऱ्या आरंभीच्या पुराव्यांत दख्खनच्या काळ्या दगडाचा समावेश आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी सांगितली गेलेली नाही.

एक प्रवाह आतून कसा असतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. वाहता लाव्हा वरून आणि खालून लवकर थंड होतो. वरचे कवच तापवलेल्या दुधावरच्या सायीप्रमाणे घट्ट होते आणि त्याच्याखाली पातळ लाव्हा वाहतच राहतो, त्यामुळे प्रवाह आतून फुगत जाऊन जाड होतो. लाव्हात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात आणि वरच्या भागात अडकून राहतात, म्हणून प्रवाहाचा माथा छिद्रांनी भरलेला असतो. या छिद्रांना कुहरे म्हणतात, आणि अशा सच्छिद्र खडकाला विहिरी खोदणारे अनेक भागांत मांजऱ्या म्हणून ओळखतात. मधला भाग सावकाश थंड होतो, त्यामुळे तो घट्ट आणि एकसंध बनतो. थंड होताना आकसल्यामुळे त्याला उभ्या भेगा पडतात, आणि त्या नियमित पडल्या तर पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात, जसे मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर पाहायला मिळतात. कुहरांमध्ये नंतर झिरपलेल्या गरम पाण्यातून पांढरी, गुलाबी, हिरवी खनिजे वाढली. त्यांतील झिओलाइट गटातील खनिजे आणि त्यांच्या सोबत आढळणारा हिरवा ॲपोफिलाइट यांसाठी पुणे, नाशिक, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या भागांतील खाणी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतून निघालेले कॅव्हन्साइट हे गडद निळे खनिज जगातील अनेक संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहे.

दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटकरी लाल रंगाचा, काही सेंटिमीटरपासून मीटरभरापर्यंत जाडीचा मऊ थर दिसतो. घाटरस्त्यांच्या कापलेल्या कडांमध्ये काळ्या खडकातून आडवी जाणारी ही लाल रेघ अनेकांनी पाहिलेली असते, पण तिचा अर्थ क्वचितच कुणी सांगितलेला असतो. भूवैज्ञानिक तिला लाल बोल म्हणतात, आणि विहीर खोदणारे बहुधा गेरू म्हणतात. खालच्या प्रवाहाचा माथा ऊनपावसात उघडा राहिला, त्याची झीज होऊन माती झाली, तीत ज्वालामुखी राखेचीही भर पडली, आणि वरून आलेल्या लाव्हाच्या उष्णतेने ती भाजून तिला लाली चढली, अशी तिची सर्वसाधारण घडण आहे. म्हणजे प्रत्येक लाल पट्टा उद्रेक थांबल्याचा पुरावा आहे, आणि तो जितका जाड व मुरलेला, तितका विसाव्याचा काळ मोठा, असे ढोबळमानाने म्हणता येते.

हा विसावा ज्या ठिकाणी तळ्याकाठी किंवा ओढ्याकाठी झाला, तिथे मातीऐवजी गाळाचे थर साचले आणि त्यांत तेव्हाचे जीव जीवाश्मांच्या रूपाने राहिले. दोन लाव्हा-प्रवाहांमधल्या या गाळाच्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. त्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास नागपुरात झाला. स्कॉटिश धर्मप्रचारक स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात टाकळी आणि सीताबर्डी या परिसरातून गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, वनस्पतींची फळे व बिया, कीटकांचे अवशेष असा मोठा संग्रह केला आणि तो लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे मांडला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय याच स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचे आहे; विदर्भातील खडकांवर त्यांनी केलेले काम मात्र त्या नावाइतके परिचित नाही, आणि ते तसे व्हावे इतके ते महत्त्वाचे आहे. पुढे बीरबल सहानी आणि त्यांच्या परंपरेतील पुरावनस्पतिशास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथील गारेसारख्या कठीण थरांतून फुले आणि फळे यांचे इतके सुरेख जीवाश्म अभ्यासले, की त्यांच्या पातळ छेदांत पेशींची रचनाही सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ताडाच्या कुळातील झाडांची अश्मीभूत खोडे या थरांत वारंवार सापडतात, त्यावरून तेव्हाचे हवामान उष्ण आणि दमट असावे असे दिसते.

मुंबईतही असे थर आहेत. वरळीच्या टेकडीजवळच्या खाणीतील शेल या पातळ पापुद्र्यांच्या खडकात एकोणिसाव्या शतकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मोठ्या संख्येने सापडले, आणि १८४७ मध्ये प्रसिद्ध इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. आज हा बेडूक इंडोबॅट्रॅकस या नावाने ओळखला जातो. त्याच थरांत गोड्या पाण्यातील कासवांचेही अवशेष मिळाले. जिथे आज इमारतींचे दाट जंगल आहे, तिथे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात उथळ तळी होती आणि त्यांत बेडूक व कासवे राहत होती, एवढे हे थर निःसंदिग्धपणे सांगतात. त्या खाणी आता बुजल्या आहेत, आणि त्या थरांचा पुरेसा भाग उघडा जतन करून ठेवायला हवा होता, हे खेदाने नोंदवावे लागते.

लाव्हा येण्यापूर्वीची जमीन कशी होती, याची माहिती सर्वांत खालच्या प्रवाहाच्याही तळाशी असलेल्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांतून मिळते. नर्मदेच्या खोऱ्यातील जबलपूर आणि विदर्भातील चंद्रपूर जिल्हा ही या थरांची दोन महत्त्वाची ठिकाणे. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे आयसिसॉरस या लांब मानेच्या, वनस्पतीभक्षक डायनोसॉरचे अवशेष मिळाले, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. परंतु याच जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावातून मिळालेला जीवाश्म दिसायला अगदी सामान्य असूनही अधिक मोलाचा ठरला. तिथे शेतांमध्ये दगडी बनलेली विष्ठा, म्हणजे प्राण्यांच्या शेणाचे जीवाश्म, मोठ्या प्रमाणात विखुरलेले आढळतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक सहानी यांनी त्यांतील सूक्ष्म सिलिका कणांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. गवतवर्गीय वनस्पतींच्या पेशींत पाण्याबरोबर येणारी सिलिका विशिष्ट आकारांत साठते, आणि वनस्पती कुजली तरी हे कण टिकून राहतात. त्यांच्या आकारांवरून गवताचा प्रकार ओळखता येतो. पिसदुऱ्याच्या विष्ठेत अशा अनेक गवतांचे कण सापडले. तोपर्यंत गवत हे डायनोसॉर नामशेष झाल्यानंतर बरेच उशिरा पसरले असे मानले जात होते, आणि या एका अभ्यासाने त्या समजुतीला धक्का दिला. डायनोसॉर गवत खात होते, आणि गवताचे निरनिराळे गट तेव्हाच वेगळे झालेले होते, हे त्यातून पुढे आले. विदर्भातील शेताच्या बांधावरचा एक तपकिरी दगड गवताच्या, आणि म्हणून भात व ज्वारी यांच्याही पूर्वजांच्या इतिहासाची तारीख मागे नेतो, ही पुराजीवशास्त्रातील लक्षणीय घटना आहे.

डायनोसॉर नष्ट का झाले, या प्रश्नाशीही लाल पट्ट्यांचा थेट संबंध आहे. १९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह असे मांडले, की क्रिटेशसच्या शेवटी एक मोठा लघुग्रह पृथ्वीवर आदळला, आणि पुढे १९९१ मध्ये मेक्सिकोतील चिक्शुलुब येथील गाडले गेलेले विवर त्या आघाताचे ठिकाण असल्याचे निश्चित झाले. दुसरीकडे, दख्खनच्या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या गंधक व कार्बन यांच्या वायूंनीही हवामान बिघडले असणार हे उघड आहे. १७८३ मध्ये आइसलँडमधील लाकी येथील भेगेतून आठ महिने चाललेल्या उद्रेकामुळे त्या बेटाची सुमारे चतुर्थांश लोकसंख्या दुष्काळ आणि रोगराईत गेली, आणि दख्खनचा लाव्हा त्याच्या कित्येक हजार पट होता. यात कोणाचा वाटा किती, हे ठरवायचे तर प्रवाहांच्या अचूक तारखा हव्यात, आणि बेसॉल्टचे वय काटेकोर काढणे अवघड असते. इथे लाल बोल उपयोगी पडला. काही पट्ट्यांत राखेतून आलेले झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक मिळाले. त्यांतील युरेनियमचे शिशात ठरावीक गतीने होणारे रूपांतर मोजून वय काढता येते. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये एकाच वेळी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, एक झिरकॉनवर आधारलेला आणि दुसरा खुद्द बेसॉल्टमधील आर्गॉन वायूच्या मोजमापावर. झिरकॉनच्या अभ्यासात उद्रेक चार झटक्यांत झाले आणि त्यांतील एक मोठा झटका विनाशाच्या थोडा आधी सुरू झाला, असे दिसले. आर्गॉनच्या अभ्यासानुसार लाव्हाचा मोठा हिस्सा विनाशानंतर बाहेर आला. जवळजवळ सर्व लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर बाहेर पडला, याबाबत मात्र दोन्ही अभ्यास एकमताचे आहेत. आघात हेच विनाशाचे मुख्य कारण आणि दख्खनच्या उद्रेकांनी परिस्थिती आधीपासून कठीण केलेली, ही भूमिका आजच्या पुराव्यांशी अधिक जुळणारी वाटते, तरी सह्याद्रीतील आणखी लाल पट्टे तपासल्याशिवाय हा वाद मिटणार नाही.

थरांच्या मधल्या जागा रोजच्या जगण्याशीही जोडलेल्या आहेत, कारण महाराष्ट्रातील भूजल तिथेच साठते. घट्ट बेसॉल्टच्या आत पाण्याला जागा नसते. पाणी राहते ते मुरमात, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेल्या वरच्या थरात, प्रवाहाच्या सच्छिद्र माथ्यात, भेगांत, आणि दोन प्रवाहांच्या सांध्यावर. लाल बोल चिकणमातीचा असल्यामुळे तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून डोंगरउतारावर जिथे असा पट्टा उघडा पडतो, तिथे त्याच्या वर झऱ्यांची रांग दिसते, आणि सह्याद्रीतील कितीतरी वाड्या अशाच झऱ्यांवर वसलेल्या आहेत. एका शेतातील विहिरीला भरपूर पाणी आणि बांधापलीकडच्या विंधन विहिरीला थेंबही नाही, याचे कारण नशिबात शोधले जाते, परंतु ते बहुधा थरांच्या रचनेत असते. गावात विहीर किंवा बोअर खणताना कोणत्या खोलीवर मुरूम, मांजऱ्या, पाषाण आणि गेरू लागला, याची साधी नोंद ग्रामपंचायतीने ठेवली, तर काही वर्षांत त्या गावाच्या जमिनीखालचा नकाशा तयार होऊ शकेल. आज ही माहिती खोदणाऱ्यांच्या आठवणीत राहते आणि त्यांच्याबरोबरच नाहीशी होते.

पाण्याप्रमाणेच भूकंपांचाही या खडकाशी संबंध येतो. दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर असल्यामुळे इथे मोठे भूकंप होत नाहीत, असा समज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसे दगावली, आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या. शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागल्यानंतर त्या भागात लहान धक्के सुरू झालेले होते. जलाशयाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, तेथील खडकांच्या छिद्रांतील दाब वाढवते, आणि आधीच ताणाखाली असलेल्या विभंगाच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेच्या, दोन्ही बाजूंना एकमेकींना धरून ठेवणारे घर्षण कमी करते. ताण पूर्वीचाच असतो, पाणी फक्त त्याला मोकळे व्हायला वाट देते. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणून कोयनेचा अभ्यास होतो, आणि तिथले धक्के अजून थांबलेले नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी येथे भूकंप झाला. त्याची तीव्रता जवळजवळ कोयनेच्या भूकंपाइतकीच होती, पण लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट होती आणि लोक घरात झोपलेले होते. त्या भागातील घरे ओबडधोबड दगड आणि माती यांच्या जाड भिंतींची होती, वर मातीचे जड माळवद. दगड एकमेकांत गुंतवून न बांधल्यामुळे भिंती दोन्ही बाजूंना फुटल्या आणि वरचे ओझे खाली आले. भूकंपाची तीव्रता मध्यम होती आणि उगम फार खोल नव्हता, तरी मृत्यूचे मुख्य कारण बांधणीची पद्धत हेच होते, आणि ती दुरुस्त करता येण्याजोगी होती. आधीच्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, किल्लारीला लहान धक्के जाणवले होते. परंतु त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला, तेव्हा पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला.

या दोन्ही ठिकाणी नंतर खोल विंधन करून बेसॉल्टच्या तळापर्यंत जाण्याचे काम झाले. किल्लारीत ३३८ मीटर बेसॉल्ट संपल्यावर केवळ ८ मीटर गाळाचा थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा, अतिशय जुना, पट्टेदार नाइस खडक सुरू झाला. विभंगाच्या दोन्ही बाजूंच्या प्रवाहांची सरकण एका भूकंपात होऊ शकेल त्यापेक्षा जास्त भरली, म्हणजे त्या विभंगावर लाव्हा थिजल्यानंतरच्या काळात पूर्वीही भूकंप झालेले असणार. कोयना परिसरात भूविज्ञान मंत्रालयाच्या कराड येथील संशोधन प्रयोगशाळेने अनेक विवरे खणली, त्यांतील एक सुमारे ३ किलोमीटर खोल आहे, आणि हेतू हा, की भूकंपाच्या उगमाच्या जवळ पोहोचून तिथला दाब, तापमान आणि पाणी थेट मोजावे. तिथे सुमारे एक किलोमीटर बेसॉल्टच्या खाली गाळाचा कोणताही थर मिळाला नाही. काळा पाषाण थेट २५० कोटी वर्षांहून जुन्या खडकावर टेकलेला आढळला. त्या एका सांध्यात पृथ्वीच्या वयाच्या निम्म्याहून अधिक काळाची कोणतीच नोंद राहिलेली नाही. जे काही तिथे साचले असेल, ते लाव्हा पोहोचण्यापूर्वीच झिजून गेले होते, आणि कोयनेचे भूकंप मुख्यतः या सांध्याच्या खाली, त्या जुन्या खडकातील विभंगांवर घडतात.